तिघांच्या लॉ फर्मने आपली कामगिरी सांगावी कशी आणि समाजकार्य करावं कसं

तुमचा प्रश्न नीट वाचला. तिघांची फर्म, ऑफिस लालबागला, पाच वर्षं होतायत म्हणून वेबसाइट काढायची, त्यात 'आमची कामगिरी' आणि 'सामाजिक बांधिलकी' अशी दोन पानं, गणपतीत मंडळाच्या मंडपाशेजारी मोफत कायदा सल्ल्याचा स्टॉल, वर फर्मचा बॅनर, आणि शेवटी हळूच विचारलंयत की या सगळ्यातून काम येतं का. मी दादरला छोटं ऑफिस चालवते, दोन ज्युनिअर, एक क्लार्क, बरीच वर्षं झाली आता, त्यामुळे मोठ्या फर्मवाल्यांसारखं पीआर टीमच्या भाषेत काही सांगता येणार नाही, आपल्याला परवडेल आणि झेपेल तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, बॅनर काढून टाका. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, तिचा नियम ३६ लॉ कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेला असतो पण पूर्ण कोणी वाचत नाही. जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही एवढंच आपल्या डोक्यात असतं. त्यात पुढे असंही आहे की पाटी माफक आकाराची हवी, आणि पाटीवर किंवा लेटरहेडवर तुम्ही कुठल्या संघटनेचे पदाधिकारी आहात, कुठल्या संस्थेशी किंवा कुठल्या विशिष्ट चळवळीशी जोडलेले आहात, कुठल्या प्रकारच्या कामात स्पेशलिस्ट आहात, यातलं काहीही लिहायचं नाही. आपण चालवलेल्या केसच्या संदर्भात पेपरात फोटो छापून आणायचा नाही हेही त्यातच आहे. म्हणजे लालबागमध्ये 'गिरणी कामगारांचे हक्काचे वकील' अशी पाटी लावली तर ती कितीही खरी असली तरी नियमात बसत नाही. आता गणपतीच्या कमानीवर आमदार, नगरसेवक, ज्वेलर आणि त्यांच्याखाली तुमचे तिघांचे हात जोडलेले फोटो, हे तर विचारूच नका.

आणि ही मुंबईची जुनी दुखरी जागा आहे बरं का. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हा सुप्रीम कोर्टाचा १९७५ चा निकाल वाचला नसेल तर ज्युनिअरला घेऊन वाचा. काही वकील मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पक्षकाराला अक्षरशः ओढाओढी करून ब्रीफ, म्हणजे केस, मिळवायचे, त्यावरून शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी वकिली हा धंदा नाही यावर चांगलं सुनावलंय. आजही किल्ला कोर्टाच्या बाहेर कोणी 'मॅडम, जामीन आहे का' म्हणून विचारतं तेव्हा मला तोच निकाल आठवतो. आता दारातली ओढाओढी मोबाइलवर आलीय एवढंच. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने रील्स, इन्फ्लुएन्सर, सिनेमातले चेहरे घेऊन केलेल्या वकिलांच्या जाहिराती यावर कडक पत्रक काढलंय, त्याआधी जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून वकिलांचं काम मिळवून देण्यावर निकाल दिलाय, तेव्हा 'सगळेच करतात' हे उत्तर शिस्तपालन समितीपुढे चालणार नाही.

वेबसाइट मात्र काढा, ती चालते. २००८ साली नियम ३६ मध्ये दुरुस्ती झाली आणि ठरावीक माहिती द्यायची परवानगी मिळाली. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर आणि तारीख, कुठल्या राज्याची बार कौन्सिल, कुठल्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण, आणि कामाची क्षेत्रं. सोबत माहिती खरी असल्याचं घोषणापत्र. संपलं. गंमत बघा, पाटीवर स्पेशलायझेशन लिहायचं नाही पण वेबसाइटवर कामाची क्षेत्रं लिहिता येतात, यात तर्क शोधू नका, आहे ते असं आहे. म्हणजे तुमच्या 'कामगिरी' आणि 'बांधिलकी' या दोन्ही पानांना त्या यादीत जागाच नाहीये. काही फर्म लिहितात, माहितीये, मी लिहिणार नाही आणि तुम्हीही लिहू नका, निदान पाच वर्षांच्या सनदीवर तरी नको.

मग कामगिरीचं करायचं काय? छोट्या फर्मची खरी कामगिरी बहुतेक वेळा सांगताच येत नाही. एखाद्या कुटुंबातला वाटणीचा वाद तुम्ही कोर्टात न जाऊ देता चार बैठकांत मिटवलात, हे तुमचं वर्षातलं सगळ्यात चांगलं काम असेल, पण तो वाद होता हेच बाहेर कळायला नको म्हणून ते लोक तुमच्याकडे आले होते. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही हे आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि नाव न घेता सांगितलं तरी लालबाग-परळमध्ये 'एका चाळीतल्या दोन भावांची केस' म्हटल्यावर कोणती चाळ आणि कोणते भाऊ हे पानवाल्यालाही कळतं.

जे जाहीर आहे ते आधीच जाहीर आहे. निकालपत्राच्या सुरुवातीला हजर वकिलांची नावं छापतात, निकाल रिपोर्ट झाला तर महाराष्ट्र लॉ जर्नल किंवा बॉम्बे सीआर अशा निकाल छापणाऱ्या नियतकालिकांमध्ये तुमचं नाव कायमचं राहतं, आणि ज्याला बघायचंय तो तिथे बघतो. वकिलांना वकील असेच ओळखतात, समोर उभं राहून. कोणी तयारीने येतं, कोण रोज तारीख मागतं, कोणाच्या कंपायलेशनला, म्हणजे कोर्टात दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला, पान नंबर असतात, हे बारमध्ये बरोबर माहीत असतं. आणि ते 'बेस्ट इमर्जिंग लॉ फर्म' वगैरे पुरस्काराचे ईमेल येतात ना, नामांकन फुकट आणि ट्रॉफीचं पॅकेज पैसे भरून, ते सरळ डिलीट करा. त्या पैशात ज्युनिअरचा पगार वाढवा.

हे मी टोमणा म्हणून नाही म्हणत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. सक्ती नाही, शिफारसच. तिघांच्या फर्मला ती जड जाते हे मान्य, पण बदलापूर-विरारहून रोज लोकलने येणारी, घरात पहिलीच वकील झालेली मुलगी दोन वर्षं टिकावी आणि स्वतःच्या नावाने वकीलपत्र टाकायला लागावी, यापेक्षा मोठं समाजकार्य छोट्या ऑफिसात होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिला पैसे द्या, अॅपिअरन्समध्ये तिचं नाव द्या, साधी का होईना मॅटर तिला आर्ग्यू करू द्या.

आता समाजकार्य. इथे बहुतेक ऑफिसं गडबड करतात ती म्हणजे 'सगळ्यांना सगळ्या विषयांवर मोफत सल्ला'. एका संध्याकाळी साठ माणसं येतात, प्रत्येकाला पाच मिनिटं, कागद कोणाकडेच नसतात, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही अमुक सांगितलं म्हणून लोक भलतंच करून बसतात. त्यापेक्षा एकच काम धरा, जे तुमच्या भागात लागतं, दुसरं कोणी करत नाही आणि तुम्हाला चांगलं येतं.

लालबाग-परळ-गिरगाव पट्ट्यात मी असते तर चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदणीकृत संस्थेचे विश्वस्त बदलल्याचं सरकारदरबारी कळवणं, हे काम धरलं असतं. आमच्या ऑफिसात आम्ही तेच करतो म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमच्या आसपास जुनी वाचनालयं, व्यायामशाळा, गावकऱ्यांची मंडळं, गणेशोत्सव मंडळं किती आहेत मोजा. त्यातली कित्येक महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली रजिस्टर आहेत, पण वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे संस्थेच्या नोंदीची नक्कल, काढला की त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावं असतात त्यातले निम्मे वारलेले असतात, एकदोन गावी जाऊन राहिलेले, आणि आज प्रत्यक्ष कारभार बघणाऱ्या पोरांचं नाव त्यावर कुठेच नाही. कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवायचं असतं. दरवर्षी सभा होते, नारळ फुटतो, हार घातले जातात, नवी कमिटी जाहीर होते आणि तो कागद वरळीला कधी जातच नाही.

अडतं कधी? बँक सही बदलून द्यायला उताऱ्यावरचं नाव मागते तेव्हा. किंवा चाळीचं रिडेव्हलपमेंट आलं आणि वाचनालयाच्या खोलीच्या बदल्यात जागा कोणाच्या सहीने घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा. मग धावपळ. आणि मधल्या पाच-सहा कमिट्यांचे बदल कळवलेले नसले तर नुसता शेवटचा बदल दाखवून भागत नाही, क्रमाने मागचे बदल मांडावे लागतात, प्रत्येकाला सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरी, नव्या विश्वस्तांचं संमतिपत्र, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले किंवा राजीनामे, आणि उशीर माफीचा अर्ज. इतिवृत्ताची वही सापडली तर नशीब. आमच्याकडे एका वाचनालयाची वही त्यांच्या माजी चिटणीसांच्या सुनेने माळ्यावरून काढून दिली, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण सह्या शाबूत होत्या आणि त्यावर अख्खा मॅटर उभा राहिला. उताऱ्यावरचे सगळेच विश्वस्त गेले असतील तर मग कलम ४७ खाली नवे नेमून घ्यायचा अर्ज, ते वेगळं आणि लांबचं काम. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवाची वर्गणी गोळा करायला कलम ४१ क ची परवानगी लागते तेही मंडळांना याच वेळी समजावून सांगायचं, कारण ऑगस्ट उजाडल्याशिवाय त्यांना ते आठवत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. पण एका मंडळाचा उतारा स्वच्छ झाला की त्या संस्थेचा पुढच्या वीस वर्षांचा कारभार सरळ होतो. टायपिंग, अॅफिडेविट, कोर्ट फी याचा खर्च संस्थेने करायचा आणि फी तुम्ही घ्यायची नाही, हे पहिल्याच भेटीत लेखी सांगा. 'बघू नंतर' म्हटलं की दोन्हीकडून मन खट्टू होतं.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. वही. फुकट सल्ला असला तरी नोंद ठेवायची, कारण बार कौन्सिलचाच नियम ३३ म्हणतो की ज्या पक्षकाराला तुम्ही एखाद्या प्रकरणात सल्ला दिला, कागद करून दिले किंवा त्याच्यातर्फे उभे राहिलात, त्या प्रकरणात समोरच्या बाजूने तुम्हाला उभं राहता येत नाही. फी घेतली की नाही याचा त्यात काही संबंध नाही. आता कल्पना करा, स्टॉलवर एका चाळीतले आठ भाडेकरू येऊन पागडीचं आणि रिडेव्हलपमेंट अॅग्रीमेंटचं विचारून गेले, तुम्ही कागद बघून सांगितलंत, आणि सहा महिन्यांनी त्याच चाळीचा डेव्हलपर तुमच्या पार्टनरकडे ब्रीफ घेऊन आला. वही नसेल तर तुमच्या लक्षातही येणार नाही, पण त्या आठ जणांच्या लक्षात असतं, आणि तुमचा पार्टनर डेव्हलपरतर्फे हजर झाला की ते भर कोर्टात सांगतात.

आमची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची हिशेबाची लांब वही आहे, कम्प्युटरवर नंतर जाते. रकाने असे: तारीख, माणसाचं नाव, समोरच्या पार्टीचं नाव, बिल्डिंग किंवा चाळ, काय विचारलं, काय सांगितलं, कुठला कागद पाहिला, पुढे कुठे पाठवलं. समोरच्या पार्टीचं नाव हा रकाना लोक विसरतात आणि खरं काम त्याचंच असतं. नवीन ब्रीफ आलं की क्लार्क आधी वहीत नाव बघतो, मग फाइल उघडतो. डेव्हलपरचं काम करायचंय तर बिनधास्त करा, त्यात काही वाईट नाही, पण मग त्या वॉर्डात भाडेकरूंना मोफत सल्ला द्यायला बसू नका. दोन्ही हातात लाडू ठेवता येत नाहीत.

हीच वही तुमचं कामगिरीचं पान. वर्षाअखेरीस तिघं बसून वाचा. कुठले प्रश्न परत परत आले, कोणाला कुठे पाठवलं, पुढे काय झालं. त्यातून पुढच्या वर्षीचं काम ठरतं.

'कुठे पाठवलं' हा रकाना का, तर सगळं आपण करायचं नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, कोठडीत असलेला, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांना. हे आपल्याकडे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं, 'आम्ही काय गरीब आहोत का' म्हणतात. पण नवऱ्याचा पगार मोठा आणि हिच्या हातात लोकलच्या पासाचे पैसे नाहीत ही मुंबईतली रोजची गोष्ट आहे, आणि कायद्याने ती विचारात घेतलीय. १५१०० हा नाल्साचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, हेल्पलाइन नंबर एका साध्या कागदावर मोठ्या अक्षरात छापून ठेवा, तुमचं नाव न टाकता. शक्य असेल तर तुमच्यापैकी एकाने मुंबईच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर अर्ज करा. मानधन कमी आहे आणि उशिरा येतं, पण त्या मॅटर पक्षकाराकडून एक रुपया न घेता, खाजगी मॅटरइतक्याच तयारीने चालवणं हे शिस्तीचं चांगलं शिक्षण आहे.

ज्येष्ठ नागरिकांचंही एक काम छोट्या फर्मला छान जमतं. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली साठ वर्षांवरचा माणूस मुलाकडून निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, कायद्यात मर्यादा महिन्याला १०,००० रुपयांची, आणि कलम १७ मध्ये चक्क लिहिलंय की तिथे वकील उभा राहणार नाही. केरळ हायकोर्टाने त्याच्या विरुद्ध निकाल दिलाय, पण मूळ कल्पना अशी की म्हाताऱ्या माणसाने स्वतः जाऊन बोलावं. मग आपलं काम काय? अर्ज समजावून सांगायचा, कागद लावून द्यायचे, आणि मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करायच्या आधी कलम २३ सांगायचं. मुलगा आपल्याला सांभाळेल अशी अट त्या बक्षीसपत्रात असेल तर पुढे त्याने टाकून दिल्यावर ते रद्द करून मागता येतं. अट नसली की फार जड जातं. रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी या एका वाक्याने खोली वाचते.

पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, कंपनीतल्या तक्रारी बघणाऱ्या इंटर्नल कमिटीवर बाहेरचे सदस्य म्हणून वकिलांना बोलावतात. ते चांगलं काम आहे, २०१३ च्या नियमांत त्याचा भत्ता दिवसाला २०० रुपये लिहिलाय, बीकेसीला जायला टॅक्सीतच तेवढे जातील, पण प्रवास खर्च वेगळा मिळतो आणि बऱ्याच कंपन्या मानधन जास्त देतात. मात्र त्याच कंपनीचं लेबर कोर्टाचं काम तुमच्याकडे असेल तर नाही म्हणा.

काम येतं का? येतं, पण उशिरा आणि भलत्याच वाटेने. ज्या वाचनालयाचा चेंज रिपोर्ट केलात त्यातलं कोणी तुम्हाला ब्रीफ देणार नाही, त्यांच्यातल्या कोणाचा तरी मेहुणा ठाण्याला सोसायटीचा सेक्रेटरी असतो, तो चार वर्षांनी डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डर करून देत नाही म्हणून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, फोन करतो आणि म्हणतो, आमच्या भाऊजींनी नंबर दिला. नियमाच्या दृष्टीने हे शंभर टक्के शुद्ध आहे, तुम्ही काही मागितलं नाहीत. पण या आशेवर ऑफिसचं भाडं काढायला बसू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ, ठरलेली, कोर्टाच्या बोर्डाशी, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीशी, न भांडणारी, एवढंच द्या. आमचा शनिवार असतो. मे महिन्याच्या सुट्टीत उत्साहाने रोज बसायचं आणि जूनला कोर्टं उघडली की बंद, याने लोकांचा विश्वास जातो.

मंडपाशेजारचा स्टॉल हवाच असेल तर असा करा. बॅनर मंडळाच्या नावाचा, 'संस्थांची नोंदणी व चेंज रिपोर्ट: माहिती' एवढंच, फर्मचं नाव नाही, व्हिजिटिंग कार्डं वाटायची नाहीत. बसायला एक वकील आणि चर्चगेटच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजची किंवा जवळच्या कॉलेजची दोन मुलं, ती फक्त वही लिहितील, सल्ला देणार नाहीत. आरतीची वेळ सोडून, ढोलाच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही. येणाऱ्याला उताऱ्याची झेरॉक्स आणायला सांगा, नसेल तर पीटीआर, म्हणजे ट्रस्टचा नोंदणी नंबर तरी. कोणाचा फोटो काढायचा नाही, विशेषतः हातात फाइल घेऊन बसलेल्या बाईचा, मंडळाचा फोटोवाला हमखास येतो, त्याला आधीच सांगून ठेवा. आणि या वर्षी गणपतीला वेळ कमी असेल तर सरळ नवरात्रानंतर धरा, तेव्हा मंडळांचे हिशेब चालू असतात, वह्या बाहेर काढलेल्याच असतात, आणि नवी कमिटी नुकतीच निवडली असेल तर ९० दिवसही हातात असतात.